आधी आतली बाजू

पिट्सबर्गच्या डेव्हिड एल. लॉरेन्स कन्व्हेन्शन सेंटरमध्ये उन्हाळ्यात ‘अँथ्रोकॉन’ नावाचा मेळा भरतो. १९९७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत तो सुरू झाला आणि २००६ पासून पिट्सबर्गमध्ये स्थिरावला. प्राण्यांना माणसासारखं बोलतं-चालतं कल्पून त्यांची चित्रं काढणारे, त्यांच्या गोष्टी लिहिणारे आणि काही जण त्या प्राण्याचं रूपच अंगावर चढवून वावरणारे, असे हजारो लोक तिथे जमतात. या मंडळींना ‘फरी’ म्हणतात आणि त्यांच्या पोशाखाला ‘फरसूट’. मेळ्यातली त्यांची मिरवणूक बघायला गावातली कुटुंबं पोराबाळांना घेऊन येतात. कोल्हे, लांडगे, ड्रॅगन, निळ्याजांभळ्या मांजरी डोलत चाललेल्या असतात, आणि त्यांचे फोटो जगभर जातात.

जिचे फोटो निघत नाहीत अशी एक जागाही अशा मेळ्यांत असते. तिला ‘हेडलेस लाउंज’ म्हणतात. फक्त सूट घालणाऱ्यांना आणि त्यांच्या मदतनिसांनाच तिथे प्रवेश असतो आणि कॅमेरा बाहेर ठेवावा लागतो. आत मोठाले पंखे फिरत असतात, पिण्याचं पाणी भरून ठेवलेलं असतं, आणि डोकी काढून बाजूला ठेवलेली माणसं घामानं निथळत खुर्च्यांवर टेकलेली असतात. ती डोकी, म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांचे ते मोठे मुखवटे, मानेकडून वारा आत शिरेल अशी स्टँडवर मांडलेली असतात. पुढच्या मिरवणुकीआधी ती वाळायला हवीत. या पुस्तकाचा विषय, म्हणजे फरसूटची निगा, त्या खोलीत सुरू होतो आणि घरी, न्हाणीघरात आणि गॅलरीत, पुरा होतो.

फरसूट लोक बाहेरून पाहतात, पण तो टिकतो आतून. नव्यानं सूट घेतलेल्या माणसाचा हात पहिल्यांदा ब्रशकडे जातो. फर विंचरून मोकळी झाली, रंग उजळ दिसला, की त्याला वाटतं निगा झाली. आत काय चाललं आहे ते दिसत नाही. अस्तराच्या शिवणीत, जबड्याखालच्या फोममध्ये, पावलांच्या टोकाशी ओल बसून राहिलेली असते. सूट खराब होतो तो बहुतेक वेळा या ओलीनं. वापरानं तो झिजतो हे खरं, पण झीज शिवता येते. कुजलेला फोम शिवता येत नाही. म्हणून हे पुस्तक धुण्याच्या प्रकरणानं सुरू न होता वाळवण्याच्या प्रकरणानं सुरू होतं, आणि मला तो क्रम अगदी योग्य वाटतो.

निगा घरीच का करायची, असा प्रश्न कुणाला पडेल. अंगभर प्राण्याचा पोशाख घालून लोकांसमोर येणं अमेरिकेत नवं नाही. बेसबॉलच्या फिलाडेल्फिया फिलीज संघाचा तो हिरवा, लांब तोंडाचा ‘फिली फनॅटिक’ १९७८ साली मैदानात उतरला. त्याचा पोशाख घडवणाऱ्या बॉनी एरिक्सन यांनीच त्याआधी ‘मपेट्स’ या बाहुल्यांमधली मिस पिगी घडवली होती. पण अशा शुभंकरामागे संघ असतो, त्याच्या पोशाखाची काळजी घेण्याची सोय असते. फरसूटवाल्यामागे कुणी नसतं. त्यानं बऱ्याचदा कित्येक महिने रांगेत थांबून, हजारो डॉलर मोजून, एखाद्या कारागिराकडून तो बनवून घेतलेला असतो, नाहीतर स्वतःच्या खोलीत बसून स्वतःच शिवलेला असतो. बनवणारा शेकडो मैलांवर, कधी दुसऱ्या खंडात. कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनरला त्यातलं काही ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसताना त्यानं नेहमीच्या द्रावकात तो टाकला तर आतला गोंद, फोम आणि वरचा रंग यांचं काय होईल ते सांगता येत नाही. तेव्हा ज्याचा सूट त्यालाच हे काम शिकावं लागतं.

शिकायचं म्हणजे आधी वस्तू ओळखायची. ही फर खऱ्या जनावराची नसते. ती अ‍ॅक्रिलिक किंवा मोडाक्रिलिक धाग्यांची असते, मागे बहुधा पॉलिस्टरचं विणलेलं कापड. अ‍ॅक्रिलिकचा धागा पाण्याला घाबरत नाही, उष्णतेला घाबरतो. त्यातही कोरड्या उष्णतेपेक्षा ओलसर उष्णतेत तो लवकर मऊ पडतो आणि थंड होताना आहे त्या वेड्यावाकड्या आकारात गोठतो. गरम ड्रायरमधून काढलेली फर एकदा कुरळी, राठ झाली की ती कितीही विंचरा, पूर्वीसारखी होत नाही. डोक्याचा सांगाडा पॉलियुरेथेन फोम कापून केलेला असतो किंवा थ्री-डी प्रिंटरवर छापलेला. त्यावर फर चिकटवायला पुष्कळदा ग्लू गनचा गोंद वापरतात, तोही उष्णतेनं सुटतो. डोळ्यांच्या जागी रंगवलेली बारीक जाळी असते. घालणारा तिच्यातूनच बाहेर पाहतो. कुणाच्या डोक्यात हवा खेळती राहावी म्हणून संगणकात असतो तसला छोटा पंखा आणि बॅटरी बसवलेली असते, कुणाच्या पापण्या आणि जिभा लोहचुंबकानं लावलेल्या असतात. हात, पाय, शेपटी वेगळी. फक्त डोकं, हात, पाय आणि शेपटी असेल तर त्याला ‘पार्शल’ म्हणतात. अंगही असेल तर ‘फुलसूट’. एवढे सगळे पदार्थ एका पोशाखात एकत्र आलेले असतात, आणि प्रत्येकाची गरज निराळी. सगळ्यांना चालेल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे थंडपणा. पाणी थंड, हवा थंड.

आता घामाकडे येऊ, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. उकाड्यात आणि श्रमात माणसाचा तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो, आणि फरच्या आत उकाडा आणि श्रम दोन्ही असतात. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. वास येतो तो त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंमुळे, आणि त्यांना ओल आणि वेळ, दोन्ही लागतं. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायाम करून आलेल्या लोकांचे टी-शर्ट तपासले तेव्हा सुतीपेक्षा पॉलिस्टरच्या टी-शर्टांना अधिक उग्र वास येत असल्याचं आढळलं. वास निर्माण करणाऱ्या काही जिवाणूंना पॉलिस्टर जास्त मानवतो. फरसूट तर जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम धाग्यांचा. म्हणून जाणकार लोक सूट आणि अंग यांच्यामध्ये एक थर घालतात: अंगाला घट्ट बसणारे, घाम शोषून घेणारे कपडे आणि डोक्याला बालाक्लाव्हा, म्हणजे चेहरा सोडून डोकं-मान झाकणारी टोपी. हे कपडे प्रत्येक वापरानंतर धुता येतात, आणि जेवढा घाम ते पितात तेवढा सुटाच्या आत जात नाही. माझ्या मते या छंदातली सगळ्यात फायदेशीर खरेदी हीच आहे, आणि नवखे लोक नेमकी तीच टाळतात.

सूट उतरवल्यावरचा पहिला तास महत्त्वाचा. त्या वेळी माणूस दमलेला असतो, तहानलेला असतो, त्याला आडवं व्हायचं असतं. सूट बॅगेत कोंबावा आणि उद्या बघू, असं वाटणं साहजिक आहे. पण बंद बॅगेतल्या त्या एका रात्रीत जे होतं ते काढायला पुढे दोन दिवस लागतात. म्हणून आधी पाणी प्यायचं, आणि लगेच सूट उलटा करून, आतली बाजू बाहेर काढून, रुंद हँगरवर टाकायचा आणि पंखा लावायचा. मग फवारा मारायचा. या मंडळींत सगळ्यात जास्त चालणारा फवारा म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचं मिश्रण. साधारण सत्तर टक्के अल्कोहोल जंतूंवर शंभर टक्क्यांपेक्षा चांगलं काम करतं, कारण त्यातलं पाणी अल्कोहोलला जंतूंची प्रथिनं मोडायला मदत करतं आणि ते लगेच उडूनही जाऊ देत नाही. नाटकांच्या पोशाख विभागांत, जिथे रोज धुता न येणारे भरजरी कपडे असतात, तिथे वास घालवायला व्होडका फवारण्याची जुनी रीत आहे. फवारा फक्त आतल्या बाजूनं मारायचा. बाहेर एअरब्रशनं काढलेले पट्टे असतील किंवा डोळ्यांची रंगवलेली जाळी असेल तर अल्कोहोल तो रंग उतरवतं. आणि हे काम स्वयंपाकघरात, देवघरातल्या दिव्याजवळ, पेटत्या उदबत्तीजवळ करायचं नाही. अल्कोहोलची वाफ पेट घेते आणि अ‍ॅक्रिलिकची फरही भराभर जळते. डोक्यातला पंखा बंद, बॅटरी काढून ठेवलेली, खिडकी उघडी.

डोकं वाळवणं हा या सगळ्यातला नाजूक भाग, म्हणून त्यावर थोडं थांबतो. डोक्याचा आकार मडक्यासारखा असतो, खाली तोंड आणि वर बंद पोकळी. नुसतं टेबलावर ठेवलं तर आतली दमट हवा तिथेच कोंडून राहते, आणि वरून सगळं कोरडं लागतं. म्हणून हवा खालून, मानेच्या बाजूनं, वर ढकलावी लागते. लोक प्लॅस्टिकच्या नळ्यांचा किंवा भोकं पाडलेल्या बादलीचा स्टँड करतात, खाली छोटा पंखा ठेवतात आणि त्यावर डोकं बसवतात. हवा आत शिरते, तोंडातून आणि डोळ्यांच्या जाळीतून बाहेर पडते. काही तासांनी हात आत घालून तपासायचं, पण तळहातानं नाही. बोटांच्या मागच्या बाजूनं, कारण गारवा तिथे लवकर कळतो. कपाळाचा फोम आधी वाळतो. गालांमागचा, विशेषतः जबड्याच्या बिजागरीभोवतीचा, सगळ्यात शेवटी. बोट दाबून धरलं आणि गार लागलं तर अजून ओल आहे. त्या ठिकाणी वास घेऊन पाहावा. नाक इथे डोळ्यापेक्षा खात्रीचं आहे. केस वाळवायचा ड्रायर वापरायचाच असेल तर फक्त थंड हवेवर.

डोकं सहसा पाण्यात बुडवत नाहीत. अस्तर निघणारं असेल तर काढून धुतात. नसेल तर ओल्या फडक्यानं, सौम्य साबणाच्या पाण्यानं डाग तेवढा पुसून पुन्हा साध्या पाण्यानं पुसतात. अंगाचा भाग, हात, शेपटी यांना मात्र पाणी चालतं. धुण्याआधी विंचरायचं, कारण कोरडा गुंता सुटतो आणि ओला गुंता घट्ट होतो. उसवलेली शिवण आधी घालायची. सुटे होणारे लोहचुंबक काढून ठेवायचे, नाहीतर ते गंजून पांढऱ्या फरवर तपकिरी डाग सोडतात. पाणी थंड, आणि साबण स्वेटरांसाठी आपण ईझी वापरतो तसला सौम्य द्रव, तोही मोजका. ब्लीच नाही. कपडे मऊ करणारं कंडिशनरही नाही, कारण ते धाग्यावर थर चढवतं आणि फर चिकट होते. लाल किंवा काळ्या फरशेजारी पांढरी असेल तर आधी आतल्या शिवणीजवळ थोडं पाणी लावून पांढरं फडकं दाबून पाहावं, रंग सुटतो का ते. आणि ओला सूट ढीग करून ठेवायचा नाही. रंग एकमेकांत उतरतात ते बहुधा धुताना नाही, त्या ढिगात.

समोरून कपडे घालायच्या मशीनमध्ये नाजूक कपड्यांच्या चक्रावर अंगाचा भाग चांगला धुतला जातो. मध्ये खांब असलेल्या, वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये फर त्या खांबाभोवती पिळली जाते, तेव्हा ते टाळावं. हातानं धुतलं तरी पाणी काढायला मात्र यंत्राची मदत घ्यावी असं माझं ठाम मत आहे. फर पाणी धरून ठेवते, ओला फुलसूट अंगावर घेतलेल्या माणसाइतका जड वाटू लागतो, आणि तो तसाच खांद्यांवर टांगला तर खांद्याच्या शिवणी ताणून उसवतात. पिळायचा तर नाहीच. आपल्याकडे अर्धस्वयंचलित मशीनला वेगळा स्पिनर असतो. हात आणि शेपटीसारखे सुटे भाग उशीच्या अभ्र्यात घालून त्यात फिरवले तर बरंचसं पाणी तिथेच निघून जातं. त्यानंतर सूट जाळीच्या स्टँडवर आडवा पसरायचा, आधी उलटा, मग सुलटा, आणि पंखा चालू. फर अर्धवट ओली असतानाच स्लिकर ब्रशनं, म्हणजे कुत्र्या-मांजरांना विंचरायच्या बारीक तारांच्या ब्रशनं, टोकाकडून मुळाकडे सरकत हलक्या हातानं विंचरायची. तारा मागच्या कापडाला लागता कामा नयेत.

मराठी वाचकाला इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आपल्या घरांत दमट वस्तूवर पहिला उपाय म्हणजे ऊन. गाद्या, उशा, लोकरीचे कपडे, पापड-कुरडया, सगळ्याला आपण ऊन दाखवतो, आणि बहुतेक ठिकाणी ते बरोबरच असतं. फरसूटला मात्र कडक ऊन सोसत नाही. रंग विटतो, आणि पॉलियुरेथेन फोम प्रकाशानं आणि हवेतल्या ऑक्सिजननं पिवळा पडून, शेवटी दाबलं की भुसा व्हावा तसा गळायला लागतो. जगभरच्या संग्रहालयांत विसाव्या शतकातल्या फोमच्या वस्तू जतन करणारे लोक याच त्रासाशी झगडत आहेत. तेव्हा ऊन नको, सावलीतला वारा हवा. दुसरी सवय डांबराच्या गोळ्यांची. कसर लागते ती लोकर आणि रेशीम यांच्यातल्या प्रथिनांना. अ‍ॅक्रिलिक तिचं खाद्यच नाही. कपाटात गोळ्या ठेवल्या तर कीड थांबायची नाही, कारण ती येणारच नव्हती, पण तो वास फोममध्ये असा मुरतो की पुढच्या वेळी डोकं घालणाऱ्याला त्यातच श्वास घ्यावा लागतो. झुरळं आणि उंदीर मात्र खरे शत्रू. खाण्याचे डाग राहू दिले नाहीत तर त्यांना यायचं कारण उरत नाही.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा वेगळाच प्रश्न आहे. ज्या हवेत चामड्याच्या पट्ट्यावर आठवड्यात पांढरी बुरशी चढते, तिथे पंखासुद्धा दमट हवाच फिरवत राहतो. भारतातही हा छंद असलेली तरुण मंडळी आहेत, आणि त्यांना हे पुस्तक वाचताना वाळवण्याच्या प्रकरणातला बराचसा भाग ठसठशीत अक्षरांत लिहून भिंतीवर लावावासा वाटेल. पावसाळ्यात शक्यतो पूर्ण धुणं काढूच नये. धुवायलाच लागलं तर खोलीचं दार बंद करून एसी ‘ड्राय’ मोडवर किंवा डिह्युमिडिफायर लावून त्यात वाळवावं. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. जुन्या सुती चादरीखाली, मोकळ्या हवेत, रुंद हँगरवर ठेवावं, आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या अधूनमधून बदलाव्या. डोकं कशाखालीही दाबलं जाता कामा नये. फोमची घडी बसली की तोंडाचा भावच बदलतो, आणि त्या चेहऱ्यावर कारागिराचे महिनोन्महिने गेलेले असतात.

मला या पुस्तकाबद्दल विशेष आपुलकी वाटते ती त्याच्या वाचकांमुळे. मराठी घरांत आता या विषयाशी गाठ पडते. कॅलिफोर्नियात सॅन होजेला जानेवारीत ‘फर्दर कन्फ्युजन’ हा मेळा भरतो, आणि तिथल्या बे एरियात मराठी कुटुंबं किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. मुलगी किंवा मुलगा कॉलेजातून घरी येतो, बरोबर एक भलीमोठी बॅग असते, आणि आईबाबांना कळत नाही की त्या बॅगेतल्या पोशाखाचं करायचं काय. काही घरांत यावरून बोलणंच बंद होतं. अशा वेळी मी आईबाबांना एवढंच सुचवतो की छंद कळायला वेळ लागू द्या, पण सूट धुवायला मदत करा. टबात दोघांनी मिळून तो जड पोशाख उचलायला लागतो, एकानं धरायचा आणि दुसऱ्यानं विंचरायचा. कापड, शिवण, रंग, साबण यांचं ज्ञान आईकडे किंवा आजीकडे पुष्कळ असतं, आणि मुलाला त्याची खरोखर गरज असते. त्या कामात हातांबरोबर बोलणंही सुरू होतं, आणि मुलानं आपल्या कोल्ह्याला तेच कान का दिले, तोच रंग का निवडला, हे आईबाबांना तेव्हा ऐकायला मिळतं. या छंदाकडे चेष्टेनं पाहणारे पुष्कळ आहेत. एक पात्र मनात घडवून, ते स्वतःच्या हातांनी शिवून, त्यात शिरून अनोळखी मुलांना हसवणं, यात चेष्टा करण्यासारखं मला काही दिसत नाही.

आरोग्याचा मुद्दा थोडक्यात. ओलसर अस्तर त्वचेवर घासलं की पुरळ, केसांच्या मुळाशी फोड, गजकर्ण असे त्रास होऊ शकतात. म्हणून बालाक्लाव्हा आणि आतले कपडे दुसऱ्याला द्यायचे नाहीत, आणि सूट कुणाला घालायला दिलाच तर मधे निर्जंतुक करून पूर्ण वाळवायचा. अंगावर उघडी जखम किंवा खाज असेल तेव्हा सूट चढवायचाच नाही. बुरशीचा कुबट वास आणि काळे ठिपके फोमच्या आत दिसले तर फवाऱ्यानं ते लपवू नये. तो फोम काढून नवा बसवण्याची वेळ आलेली असते.

फोम बदलणं, डोळ्यांची जाळी नव्यानं रंगवणं, जबडा पुन्हा बसवणं, चेहऱ्यावरची फर कातरून सारखी करणं, ही कामं शिकता येतात, पण पहिल्याच वर्षी शिकू नयेत. ती बनवणाऱ्याकडे पाठवावीत. चांगले कारागीर सुटाबरोबर निगेच्या सूचनांचा कागद देतात. कुठला गोंद वापरला, कुठली फर, कुठले भाग पाण्यात घालू नयेत, हे त्यांनाच नक्की माहीत असतं. तो कागद हरवला असेल तर हे पुस्तक पुढे वाचण्याआधी त्यांना लिहून पुन्हा मागवा, आणि पुढच्या पानांतली एखादी सूचना त्या कागदाशी जुळत नसेल तर तो कागद पाळा.